बाह्य बाहू नसलेल्या सिलिया

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली ऊतींचे अतिपातळ छेद पाहून अहवाल लिहिणे हे माझे काम. आमच्याकडे येणारे बहुतेक नमुने मूत्रपिंडाचे असतात, त्यामुळे नाकातील पेशींचा नमुना आला की त्यासोबतचा अर्ज मी सावकाश वाचते. तो अर्ज सात वर्षांच्या एका मुलाचा होता. पूर्ण दिवसांचा असूनही जन्मानंतर काही तासांतच त्याला श्वास घेणे जड जाऊन ऑक्सिजन द्यावा लागला होता. तेव्हापासून बारमाही ओला खोकला, सतत वाहणारे नाक आणि कानात पुन्हा पुन्हा साचणारा द्रव, असा इतिहास होता. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: हृदय डावीकडे, सबब सिलियांच्या जन्मजात विकाराची शक्यता कमी. सिलिया म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील केसासारखे सूक्ष्म धागे; ते हलून भोवतालचा द्रव किंवा श्लेष्मा पुढे ढकलतात.

या तर्कामागे स्विस डॉक्टर कार्टाजेनर यांनी 1933 मध्ये वर्णिलेली त्रयी आहे: सायनसचा जुनाट दाह, कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिका आणि आरशातल्याप्रमाणे उलटी असलेली अवयवांची मांडणी. पुढे 1976 मध्ये स्वीडिश संशोधक आफ्झेलियस यांनी या तिन्ही गोष्टींचे मूळ न हलणाऱ्या सिलियांमध्ये असल्याचे मांडले. गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत काही पेशींवरील सिलिया गोल फिरून भोवतालचा द्रव डावीकडे लोटतात आणि त्या प्रवाहावरून शरीराची डावी-उजवी बाजू ठरते. त्या फिरल्या नाहीत तर बाजू यदृच्छेने ठरते. म्हणूनच अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे हृदय डावीकडेच असते. अर्जातील त्या ओळीने शक्यता मुळीच कमी होत नव्हती.

नमुना घेतला त्या सकाळी काही जिवंत पेशी कोमट पोषकद्रवात ठेवून आम्ही त्यांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले होते. निरोगी सिलिया सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, वाऱ्याने लवणाऱ्या शेतासारख्या एकामागोमाग एक झुकतात. येथे त्या ताठ उभ्या होत्या आणि मधूनच नुसत्या थरथरत होत्या. मात्र संसर्गानेही सिलिया मंदावतात व त्यांची रचना बिघडते, त्यामुळे केवळ चित्रणावरून निदान करणे मला मान्य नव्हते. मुलाची सर्दी उतरल्यानंतरच नमुना घेतला होता, ही जमेची बाजू.

छेद तयार होऊन सूक्ष्मदर्शीखाली आले तेव्हा मी आधी कमी विवर्धनावर संपूर्ण पेशी पाहिली. ती सुघड होती. सिलिया ज्यांतून उगवतात ते आधारकाय पृष्ठभागालगत रांगेने बसलेले होते, त्यांची मुळे खाली पेशीद्रवात उतरलेली होती, आणि ऊर्जा जेथे खर्च व्हायची तेथेच, म्हणजे वरच्या टोकाशी, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची दाटी होती. शेजारची चषकपेशी श्लेष्म्याच्या कणांनी फुगलेली होती. श्लेष्मा तयार करणारी पेशी आणि तो वाहून नेणारी पेशी अशा खेटून असतात, ही रचना मी कितीही वेळा पाहिली तरी माझे मन तिच्यात गुंतते.

मग विवर्धन वाढवून सिलियांचे आडवे छेद शोधले. सिलिया जेमतेम पाव मायक्रोमीटर जाडीची असते. तिच्या परिघावर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका असतात. प्रत्येक जोडीतून डायनीन या प्रथिनाचे दोन बाहू, एक बाहेरचा व एक आतला, शेजारच्या जोडीकडे वळलेले असतात. बाहेरचे बाहू नलिकेच्या लांबीवर दर 24 नॅनोमीटरला एक असे येतात. एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या ऊर्जेवर हे बाहू शेजारच्या जोडीला पुढे सरकवतात. जोड्या एकमेकींशी व तळाशी बांधलेल्या असल्यामुळे त्या सुट्या निसटत नाहीत आणि सरकण्याचे रूपांतर वाकण्यात होते.

या मुलाच्या सिलियांत नऊ जोड्या होत्या, मधल्या नलिका होत्या, आतले बाहूही अंधुक का होईना दिसत होते; बाहेरचे बाहू मात्र नव्हते. एखाद्या छेदात ते न दिसणे नेहमीचेच, म्हणून मी निरनिराळ्या पेशींतील, नीट आडवे कापले गेलेले छेद एकेक करून पाहिले आणि विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही स्वतंत्रपणे पाहायला सांगितले. त्यांचाही निष्कर्ष तोच निघाला. या विकाराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांत सूक्ष्मरचना सामान्य दिसते आणि निदानासाठी जनुकीय तपासणीवर विसंबावे लागते. येथे रचनेनेच स्पष्ट उत्तर दिले होते.

संध्याकाळी मी उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दूरध्वनी केला. क्षणभर थांबून ते म्हणाले, “मॅडम, याच्या धाकट्या बहिणीचे हृदय उजवीकडे आहे. आम्ही ती वेगळीच बाब समजत होतो.” दोघांत एकच दोष असेल, तर गर्भावस्थेत एकाची बाजू इकडे आणि दुसरीची तिकडे पडली होती.

त्या मुलाला अधूनमधून खोकला दाबणारे औषध दिले जात होते. सिलिया श्लेष्मा वर ढकलत नसताना तो बाहेर टाकायला खोकला हाच एक मार्ग उरतो, म्हणून ते औषध त्याच दिवशी बंद करण्याचे ठरले. त्याऐवजी छाती मोकळी करणारे रोजचे व्यायाम, थुंकीची ठरावीक काळाने तपासणी आणि श्रवणचाचणी सुरू करायची होती. शुक्रजंतूच्या शेपटीची रचनाही याच धर्तीची असल्याने, मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याशी प्रजननक्षमतेविषयी बोलावे लागेल, हे मी अहवालात नोंदवले. बहिणीच्या नाकातील पेशींचा नमुना तिची सर्दी उतरल्यावर पाठवायचे ठरले, आणि दोघांच्या जनुकीय तपासणीसाठी रक्त घेण्याची विनंती मी अहवालाच्या शेवटी जोडली.