पिकपपासून पार्टपर्यंत

पुणे जिल्ह्यात बनलेल्या दोन गाड्या अशा आहेत की नुसतं नाव काढलं तरी काही माणसं हातातला चहा गार होऊ देतात. एक रांजणगावची फियाटची अबार्थ पुंटो, दुसरी चाकणची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. बाहेरून बघाल तर दोन्ही साध्या हॅचबॅक, शेजारच्या काकूंना फरक सांगूनही कळणार नाही. पण पुंटोत 1.4 लिटरचं टी-जेट इंजिन, 145 बीएचपी, आणि 2015 ला आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत. त्या पैशात एवढा पिकप तेव्हा दुसरं कुणी देतच नव्हतं. बोनेटवर विंचू, कारण अबार्थ कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थ या गृहस्थांची रास वृश्चिक. (आपल्याकडे लगेच कुणीतरी मंगळ कुठल्या घरात आहे तेही विचारलं असतं.)

पूर्वी या गाड्यांची मालक मंडळी रविवारी भल्या पहाटे ताम्हिणीच्या रस्त्याला भेटली की विषय एकच, रिमॅप केलास का? म्हणजे काय, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगायचं की टर्बोने (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) अजून थोडी हवा दाब, पेट्रोल त्या हिशोबात सोड, ठिणगी जरा आधी टाक. लॅपटॉप जोडला, दुपारपर्यंत काम झालं आणि तीच गाडी संध्याकाळी सीटला पाठ चिकटवते. मग यातले शहाणे सांगणार की साधं पेट्रोल टाकून रिमॅपला काही अर्थ नाही, कारण नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिन खडखडायला लागलं, की कॉम्प्युटर स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे पैसे भरून होतो तिथेच. मग कोणत्या पंपावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं यावर अर्धा तास. मग एअर फिल्टर, मग डाउनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप), मग एक्झॉस्टचा आवाज, आणि तोपर्यंत मिसळ येते.

एवढं सगळं करून गाडी पळवायची कुठे, तर कात्रजपासून वाकडपर्यंत, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. पण हे त्यांना विचारायचं नाही.

कायद्याचाही विषय निघतो, पण आवाज खाली करून. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, त्यात जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही. तेव्हापासून मोठ्या आवाजाचे पाइप लावणारे जरा दबकून असतात आणि रिमॅपवाले गालात हसतात, कारण सॉफ्टवेअर पोलिसमामांना दिसत नाही. मला ते हसू फारसं पटत नाही, अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने खोदून काढलं तर काय, पण मिसळ खाताना असलं बोलणारा माणूस कुणालाच नको असतो.

तर सांगायचं हे की आता बोलणं बदललंय. पुंटो 2019 ला बंद झाली, पोलो 2022 ला. गाड्या म्हाताऱ्या होत चालल्यात आणि त्यांच्याबरोबर मालकही. आता पिकपबद्दल कुणी विचारत नाही, विचारतात टायमिंग बेल्ट कधी बदललास, वॉटर पंप त्याच वेळी टाकून घेतलास ना, कारण एकाच कामासाठी सगळं दोनदा खोलायचं म्हणजे मजुरी दोनदा. पोलोवाल्यांचं दुखणं वेगळं, सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकलं की तो तापतो, म्हणून पुढच्या गाडीमागे मुद्दाम अंतर ठेवून मग एकदमच पुढे जायचं, आणि त्या अंतरात तेवढ्यात रिक्षा घुसणारच.

ऑइलच्या बाबतीत तर सोवळं पाळावं तसं पाळतात. घाट चढून आलं की लगेच बंद करायची नाही, मिनिटभर नुसती चालू ठेवायची, कारण टर्बो तेव्हा भट्टीसारखा तापलेला असतो आणि इंजिन बंद केलं की ऑइल फिरायचं थांबतं, आहे तिथेच जळतं, त्याचा कीट बसतो. एका मित्राच्या आईला हे पाठ झालंय. खंडाळ्याला गाडी थांबली की त्या पर्स मांडीवर घेऊन शांत बसतात आणि विचारतात, "झाला का रे गार? उतरू?"

आणि गंमत बघा, ज्यांनी हौसेने कंपनीचे पार्ट काढून भंगारात दिले तेच आता ते शोधत फिरतात. मेस्त्री म्हणतो कंपनीचा सायलेन्सर असेल तर आण, लावून देतो, पण आणायचा कुठून, नवीन मिळायला महिने लागतात आणि ज्याच्याकडे जुना पडलाय तो विकत नाही. लागेल कधीतरी, असू दे, म्हणतो. दर दिवाळीच्या साफसफाईला त्याची बायको विचारते की हे लोखंड माळ्यावर अजून किती वर्षं, आणि तो दर वेळी त्याची किंमत सांगतो, मागच्या वर्षीपेक्षा थोडी वाढवून.