अंकीवर जर्मन: रोज नवी कार्डं किती?

घरच्या घरी जर्मन शिकणारे बरेच जण अंकी, म्हणजे शब्दांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा विचारणारं अ‍ॅप, दोन-तीन महिन्यांत सोडून देतात आणि दोष स्वतःच्या आळसाला देतात. बहुतेक वेळा घोटाळा हिशोबात असतो. अ‍ॅपमध्ये रोजच्या नव्या कार्डांचा आकडा आधीपासून 20 ठेवलेला असतो, आणि तो तसाच राहतो. रोज जितकी नवी कार्डं, त्याच्या साधारण सात ते दहापट उजळणी काही आठवड्यांनी रोजच पुढ्यात येते. 20 नव्यांमागे दीडशे-दोनशे! नोकरी सांभाळून हे कोण करणार?

म्हणून आधी उलटा हिशोब. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-1, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या, परीक्षेची शब्दयादी साधारण 650 शब्दांची आहे आणि ती फुकट मिळते. जर्मनवरून मराठी आणि मराठीवरून जर्मन अशी दोन-दोन कार्डं धरली तर 1300, रोज 10 प्रमाणे 130 दिवस. परीक्षा तीन महिन्यांवर आली असेल तर रोज 15 घेऊनही सगळं जेमतेम बसतं, आणि ऐकण्या-बोलण्याला वेळच उरत नाही. त्यापेक्षा मराठीवरून जर्मन हे कार्ड फक्त नामं आणि क्रियापदांचंच करावं.

नामाच्या कार्डावर आर्टिकल (लिंग दाखवणारा आधीचा शब्द: डेर, डी किंवा डास) आणि अनेकवचन हवंच. तीन लिंगं मराठी माणसाला नवी नाहीत, पण घसरायला होतं ते त्यामुळेच. टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये पुल्लिंगी. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी. डेर, डी, डास यांना तीन ठरावीक रंग दिले तर बरंच काम सोपं होतं. कार्डं स्वतः बनवावीत. दुसऱ्याचा पाच हजार कार्डांचा तयार डेक (संच) उतरवून घेतला की काय शिकायचं हे तो परका माणूस ठरवतो.

आता कार्डाचं उत्तर पाहिल्यावर दाबायची बटणं. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’, दुसरं काही नाही. बरेच जण ओशाळून ‘हार्ड’ दाबतात. अंकीच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. मग न येणारा शब्द आठ-दहा दिवसांनी पुन्हा येतो, तोवर पुरता विसरलेला असतो, आणि खापर फुटतं अ‍ॅपवर. एफएसआरएस ही अंकीतली उजळणीचं वेळापत्रक ठरवणारी नवी पद्धत वापरत असाल तर हे जास्तच महाग पडतं, कारण पुढची अंतरं ती तुमच्याच उत्तरांवरून ठरवते. तिथे स्मरणाचं लक्ष्य, म्हणजे उजळणीच्या वेळी किती कार्डं आठवायला हवीत तो आकडा, आधीपासून 90 टक्के असतं, तेवढंच राहू द्या. 95 केलं तर उजळणी खूप वाढते.

चार दिवस खाडा झाला तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि थकबाकी फिटल्यावरच पुन्हा सुरू करा.

उच्चारासाठी फोनचं व्हॉइस टायपिंग जर्मनवर ठेवून बोलून पाहता येतं. सुटा शब्द बोला. अख्खं वाक्य बोललात तर संदर्भावरून अंदाज बांधून फोन तुमची चूक परस्पर दुरुस्त करतो. ‘शोन’ आणि ‘श्योन’ (आधीच आणि सुंदर) वेगळे उमटतात का, हे सुटं बोलूनच कळतं. वाक्यासाठी साधं रेकॉर्डिंग बरं: डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्यांतलं एक वाक्य ऐका, तसंच बोला, दोन्ही लागोपाठ वाजवा.

रविवारी कार्डांची यादी उघडून वारंवार चुकणारी कार्डं तेवढी शोधायची. आठ वेळा विसरलं गेलेलं कार्ड अंकी आपणहून ‘लीच’ (जळू) अशी खूण करून ठेवतं. ते पुन्हा घोकू नका. मोडून त्या शब्दाचं एक छोटं वाक्य करा, किंवा सरळ काढून टाका.