पुस्तक न फोडता: जुन्या नकाशांच्या धंद्यातली आमची वाटचाल

आमचं मूळ दुकान फ्रेमिंगचं. पुण्याच्या पेठांमधले वाडे पडायला लागले आणि माळ्यावरच्या, देवघरातल्या तसबिरी बाबांकडे नव्या फ्रेमसाठी यायला लागल्या. त्यात राजा रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती जास्त. साडीच्या काठावर घरातल्याच कुणी खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असत. बाबा ती जर काढू देत नसत. मधूनच चित्रशाळेचं एखादं चित्र निघे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात सुरू केलेली ती चित्रशाळा. अशा चित्राला बाबा गिऱ्हाइकासमोर आधी नमस्कार करत आणि मगच हत्यारं हातात घेत.

खरा खजिना मात्र चित्राच्या पाठीमागे असायचा. फ्रेमचे खिळे उपसून मागची फळी काढली, की आत टेकू म्हणून कोंबलेले कागद दिसायचे: पंचांगाची पानं, नाटकांची हँडबिलं, जमाखर्चाचे ताव. गिऱ्हाईक म्हणे, टाकून द्या. बाबा विचारून ठेवून घेत. आमच्या संग्रहाची सुरुवात या अशा कागदांतून झाली. पहिला नकाशाही तिथेच मिळाला. पुण्याच्याच सरकारी फोटोझिंको छापखान्यात जस्ताच्या पत्र्यावरून छापलेला, तालुक्याचा.

पुढे दुकान माझ्या हाती आलं आणि नकाशे हाच मुख्य व्यवसाय झाला. जुन्या बाजारात बुधवार-रविवारच्या फेऱ्या, मुंबईत चोरबाजार, ओळखीचे रद्दीवाले. शिकवायला कुणी नव्हतं, कागदच शिकवत गेला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला नकाशा ओलसर कागदावर जोरात दाबून छापत, त्यामुळे पत्र्याच्या कडेची चौकट कागदात खोल उमटते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती लागते. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो हल्लीच्या ऑफसेट छपाईचा कागद, मग विकणारा काहीही सांगो.

आमच्याकडे बेलॅनचा १७६४ सालचा मुंबईचा छोटा नकाशा आहे, वहीच्या पानाएवढा. बेलॅन पॅरिसच्या नौदलाच्या नकाशाखान्यात काम करायचा. चिंध्यांच्या लगद्याचा त्याचा कागद आजही मऊ आहे, दुमडला तरी तुटत नाही. त्याच कपाटातलं १९२० च्या सुमाराचं नाटकाचं हँडबिल मात्र लाकडाच्या लगद्याचं, हात लावला की कडा झडतात. त्याला जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून आधार द्यावा लागतो. सेलोटेप कधीही लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

या धंद्यात अख्खा अ‍ॅटलास विकण्यापेक्षा त्यातले नकाशे कापून सुटे विकले, तर पैसे कितीतरी जास्त मिळतात. याला पुस्तक फोडणं म्हणतात. आम्ही पुस्तक फोडत नाही. आधीच सुटे झालेले नकाशे घेतो, पण आमच्या टेबलावर शिवण उसवली जात नाही. कारण सांगते. ईस्ट इंडिया कंपनीसाठी बंगालची मोजणी करणाऱ्या जेम्स रेनेलने १७८२ साली हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि त्याच्या जोडीला एक टिपण-ग्रंथही लिहिला. कुठला रस्ता कुठल्या फौजेच्या कूचावरून घेतला, कुठली माहिती कोणाकडून आली, हे त्यात दिलं आहे. तो मजकूर बाजूला पडला, की नकाशा दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होतो आणि त्यावर विश्वास का ठेवायचा हे कळेनासं होतं. या नियमामुळे इंटिरियरवाल्यांची मोठी कामं हातची गेली. गेली तर गेली.

परदेशातली मराठी मंडळीही विचारतात. ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. असे कागद आम्ही पाठवत नाही. त्यांची उत्तम प्रत छापून देतो.

मला सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक म्हणजे मावळातून आलेले एक आजोबा. मुळशी धरणाखाली त्यांच्या घराण्याचं गाव गेलं. तेच धरण, ज्याच्या विरोधात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरणाआधीच्या नकाशावर नदीचं पात्र, दोन्ही काठांची गावं, पायवाटा, देवळाची खूण सगळं होतं. आजोबांनी गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि नातवाला म्हणाले, "हे बघ, आपण इथले." मूळ नकाशा त्यांना परवडणारा नव्हता. मी त्याची पूर्ण आकाराची प्रत करून दिली, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून तालुक्यांचे जुने नकाशे आम्ही मुद्दाम शोधतो. कोयना, पानशेत, मुळशी या खोऱ्यांतले आधी. आपल्या घरात असा कागद असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी आम्हाला दाखवा. विकायचा नसेल तरी चालेल, आपल्यासमोर स्कॅन करून तिथल्या तिथे परत देऊ.