लंडनच्या खात्यातले आपले पैसे

"इंग्रज गेले तेव्हा आपल्या डोक्यावर किती कर्ज ठेवून गेले हो?" अर्थशास्त्र शिकवते म्हणून लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी मला हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देशातल्या लोकांकडून रोख्यांवर उचललेलं कर्ज सरकारच्या अंगावर होतंच. पण इंग्लंडचं म्हणाल, तर देणेकरी ते होते. ऑगस्ट १९४७ मध्ये आपले सुमारे ११६ कोटी पौंड लंडनमध्ये अडकून होते.

हे पैसे साठले दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनने लढाईसाठी इथून कापड, तंबू, दारूगोळा, धान्य उचललं. मोबदल्याचे पौंड लंडनच्या खात्यात भारताच्या नावावर मांडले गेले आणि त्यांच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँकेने रुपये छापले. माल कमी झाला, नोटा वाढल्या, महागाई भडकली. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने गेली. त्या दुष्काळाला इतरही कारणं होती, पण ही महागाई त्यातलं मोठं कारण होतं. या शिलकीला कुणी 'युद्धकाळातली बचत' म्हटलं की मला सहन होत नाही. बचत माणूस आपखुशीने करतो. इथे गरिबाच्या पोटाला चिमटा दुसऱ्यानेच काढला होता.

१९४४ मध्ये, युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवायला अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या प्रतिनिधींनी या पैशांचा प्रश्न मांडला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडाजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख त्यांत होते. ब्रिटन-अमेरिकेने दाद दिली नाही.

स्वातंत्र्य मिळालं तरी पैसे सगळे हाती आले नाहीत. ऑगस्ट १९४७ च्या करारात मोकळे झाले फक्त साडेसहा कोटी पौंड, बाकीचे गोठवलेल्या खात्यात. १९४८ च्या करारात त्यातूनच इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची आणि इथे सोडलेल्या लष्करी सामानाची किंमत वळती झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. यंत्रं डॉलरमध्ये घ्यायची, आणि आपली शिल्लक एका रात्रीत तीस टक्क्यांनी हलकी झाली.

उरलेलं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आयातीत भराभर संपलं. १९५८ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला, तेव्हा जागतिक बँकेने भारताला कर्ज देणाऱ्या देशांची बैठक बोलावली. त्या धनकोंमध्ये ब्रिटनही होता.