कॉलेजचा इन्शुरन्स आहे ना? आहे, पण तुमच्या मागून

जुलै संपत आला की मला ठराविक फोन यायला लागतात. कुणाच्या मुलीचं सॉकर कॅम्प सुरू होणार असतं, कुणाचा मुलगा कॉलेजच्या स्विमिंग टीममध्ये घेतलेला असतो, आणि अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटने एक लांबलचक ऑनलाईन फॉर्म पाठवलेला असतो ज्यात इन्शुरन्स कार्डाचा पुढून-मागून फोटो, पॉलिसी कुणाच्या नावावर, त्यांची जन्मतारीख, नोकरी कुठे, सगळं मागितलेलं असतं. मग ठरलेला प्रश्न, "अगं पण खेळताना लागलं तर कॉलेजच बघेल ना? आमच्या कार्डाचं त्यांना काय करायचंय?" मी इथे अमेरिकेत एका ऑर्थोपेडिक (हाडांच्या डॉक्टरांच्या) ऑफिसमध्ये बिलिंग बघते त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये इन्शुरन्स म्हटलं की माझ्याकडेच बोट जातं. दर वर्षी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

तर एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संघटना, तिचा नियम असा की खेळाडू प्रॅक्टिसला उतरण्याआधी खेळातल्या दुखापतीसाठी 90,000 डॉलरपर्यंत कव्हर आहे याची कॉलेजने खात्री करायची. हा आकडा आला कुठून, तर एनसीएएची स्वतःची एक कॅटॅस्ट्रॉफिक पॉलिसी आहे, म्हणजे मान मोडली, अर्धांग झालं, मेंदूला मार बसला असल्या भयंकर गोष्टींसाठी, आणि तिचं डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी भरावी लागणारी रक्कम, 90,000 आहे. ती तिथून पुढे सुरू होते, त्याच्या खालचं तुमचं तुम्ही बघा. आणि खालचं कुणी बघायचं याबद्दल हा नियम काही सांगत नाही बरं का. आईवडिलांची पॉलिसी चालते, मुलाची स्वतःची चालते, कॉलेजने घेतलेली चालते, किंवा थोडं याचं थोडं त्याचं. इथेच सगळी मेख आहे.

बहुतेक कॉलेजं जी पॉलिसी घेतात ती सेकंडरी असते, काहीजण तिला एक्सेस म्हणतात. पंगतीत पहिलं पान तुमच्या घरच्या इन्शुरन्सचं, त्याने वाढून घेतल्यावर जे उरेल ते कॉलेजचं. मोठी श्रीमंत कॉलेजं सगळा खर्च स्वतः उचलतात असं आपण ऐकतो आणि काही खरंच उचलतात, पण तिथेही बऱ्याचदा क्लेम आधी तुमच्याच कंपनीकडे जातो. स्कॉलरशिप असली तरी तेच, वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये असला तरी तेच.

एक हिशोब करून दाखवते, आकडे मनाचेच आहेत. समजा एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटची, सर्जरी झाली आणि बिल आलं 40,000. तुमची कंपनी म्हणते आमच्या नेटवर्कच्या, म्हणजे आमच्याशी करार केलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या, दराने याचे 18,000 च होतात. त्यातले पहिले 3,000 तुमचं डिडक्टिबल, उरलेल्या 15,000 चे 20 टक्के तुमचे, म्हणजे आणखी 3,000. हे जे 6,000 तुमच्या बोडक्यावर आले ते कॉलेजच्या पॉलिसीकडे जातात. त्या पॉलिसीचं पण डिडक्टिबल असू शकतं, ते काही कॉलेजं स्वतः भरतात आणि काही ठिकाणी ते घरच्यांवर येतं. फॉर्म भरताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की तुमच्या सेकंडरीचं डिडक्टिबल किती आणि ते कोण भरतं. ट्रेनर, कोच यांना विचारून उपयोग नाही, अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमध्ये इन्शुरन्सचं काम बघणारा कुणीतरी एक माणूस असतोच, त्याचं नाव आणि ईमेल काढून ठेवायचं.

आता माझ्या टेबलावरून जे दिसतं ते सांगते, कारण पैसे नाकारले जाण्यापेक्षा कागद अडकण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. सर्जरी झाल्यावर तुमच्या कंपनीकडून घरी एक पत्र येतं, तुमच्या मुलाला अपघात झालाय का, कुठे झाला, दुसरा काही इन्शुरन्स आहे का. आपले लोक ते जाहिरात समजून रिसायकलच्या डब्यात टाकतात. त्याचं उत्तर जाईपर्यंत क्लेम तिकडे नुसता लोंबकळत राहतो, आणि पहिली कंपनी हलत नाही म्हणून दुसरी ढुंकून बघत नाही. मग येतो ईओबी, म्हणजे कंपनीने किती दिले आणि तुमच्यावर किती आले हे सांगणारा कागद. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं की हे बिल नाही, त्यामुळे तोही डब्यात. पण कॉलेजच्या इन्शुरन्सला नेमका तोच कागद लागतो, आणि सोबत हॉस्पिटलचं प्रत्येक गोष्ट कोडसकट लिहिलेलं बिल, नुसतं 'एवढे भरा' वालं स्टेटमेंट नाही. दोन्ही एकत्र गेले तरच गाडी पुढे सरकते. सर्जनचं बिल वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, सर्जरी सेंटरचं वेगळं, एमआरआयचं वेगळं, आणि प्रत्येकाचा ईओबी वेगळा. वर मुलाने पत्ता डॉर्मचा दिलेला असेल तर बिलं त्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडतात जो पोरं सेमिस्टरमध्ये एकदा उघडतात, आणि तुम्हाला पहिली बातमी कळते ती कलेक्शन एजन्सीच्या फोनवरून. म्हणून पत्ता घरचाच द्या. बिलावर तारखा बघत राहा, कारण या सेकंडरी पॉलिस्यांना मुदत असते, दुखापतीनंतर अमुक दिवसांत उपचार सुरू, आणि बहुतेकदा एक किंवा दोन वर्षांत सगळे खर्च आटोपले पाहिजेत. ते कॉलेजप्रमाणे बदलतं, लेखी मागून घ्या.

आणि हो, मूल 18 चं झालं की डॉक्टरचं ऑफिस तुमच्याशी बोलत नाही. मी पण नाही बोलत, कितीही काकुळतीला आलात तरी. मुलाने सही केलेला फॉर्म फाईलला असला तरच. कॅम्पला जायच्या आधी ती सही घेऊन टाका, नंतर ते पोर गुंगीत असतं आणि तुम्ही विमानतळावर असता.

नेटवर्कचं काय ते बघा. घर कॅलिफोर्नियात, पॉलिसी एचएमओ (म्हणजे ठराविक नेटवर्कमधलेच डॉक्टर चालणारी), आणि मुलगी ओहायोत व्हॉलीबॉल खेळते. अशा प्लॅनमध्ये राज्याबाहेर इमर्जन्सी सोडली तर बऱ्याचदा शून्य. पाय मोडला तर ईआर कव्हर होईल, पण नंतरची सर्जरी, आठवड्यातून तीनदा फिजिकल थेरपी, ते काय दर वेळी विमानाने घरी येऊन करणार? आणि गंमत म्हणजे बऱ्याच सेकंडरी पॉलिस्या म्हणतात की तुम्ही पहिल्या इन्शुरन्सचे नियम पाळले नाहीत, प्री-ऑथरायझेशन, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, घेतलं नाही, तर आम्ही पण हात वर करणार. ज्यांना नोकरीत निवड आहे त्यांनी ओपन एनरोलमेंटमध्ये (वर्षातून एकदा प्लॅन निवडायच्या मुदतीत) पीपीओ, म्हणजे नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालणारा प्लॅन, घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, हप्ता महाग पडला तरी. थेरपीच्या व्हिजिटना वर्षाला मर्यादा असते तीही तेव्हाच बघा, एसीएलनंतर रिहॅब नऊ-नऊ महिने चालतं.

कॉलेजची पॉलिसी कशाला लागू नाही हे मात्र पोरांनाच नीट समजावून सांगा. टीमची प्रॅक्टिस, मॅच, टीमसोबतचा प्रवास, एवढंच. रविवारी मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना घोटा मुरगळला तर ती दुखापत खेळाची असली तरी त्यांच्या लेखी नाही. क्लब टीम, इंट्राम्युरल (कॉलेजातल्या कॉलेजात होणारे सामने) याचा एनसीएएशी संबंधच नाही. ताप, अपेंडिक्स, दाताचं दुखणं हे घरच्या इन्शुरन्सचं. आणि दुखापत झाली की आधी अ‍ॅथलेटिक ट्रेनरला सांगायचं, त्याच्याकडून कागद घेऊन मग डॉक्टर. परस्पर अर्जंट केअरला गेलात तर नंतर सिद्ध करत बसा की हे प्रॅक्टिसमध्येच झालं. आपली मुलं टीममधून बसवतील या भीतीने दुखणं लपवतात, हे सर्वात वाईट, बिलाच्या दृष्टीने पण आणि गुडघ्याच्या दृष्टीने पण.

बरेच जण विचारतात की एवढे क्लेम केले तर आमचा हप्ता वाढेल का. नाही. 2014 पासून मार्केटप्लेसमध्ये, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी बाजारात, तब्येत बघून हप्ता ठरवता येत नाही, आणि नोकरीच्या ग्रुप प्लॅनमध्ये एकट्या तुमच्या कुटुंबाला वेगळा हप्ता लावता येत नाही. बिनधास्त कार्ड द्या. मुलं 26 वर्षांची होईपर्यंत तुमच्या प्लॅनवर राहू शकतात, कॉलेजात असोत नसोत.

पण नोकरीच गेली तर? गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीत हे इतक्या घरी झालंय की लिहायलाच हवं. कोब्रा, म्हणजे नोकरीचाच इन्शुरन्स पुढे चालू ठेवायची सोय, घ्यायचा का हे ठरवायला निदान 60 दिवस मिळतात, तो साधारण 18 महिने चालतो, घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो पण हप्ता पूर्ण तुमच्या खिशातून. मार्केटप्लेसवर जायचं तर तिथेही 60 दिवसांची खिडकी. काहीही केलंत तरी अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटला नवीन कार्ड पाठवा. त्यांच्याकडे जुनंच कार्ड असतं, ट्रेनर तेच हॉस्पिटलला देतो, आणि क्लेम बंद पडलेल्या पॉलिसीवर जाऊन आपटतो.

भारतातून एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वर येऊन टेनिस, स्क्वॉश खेळणाऱ्यांच्या आईवडिलांचे पण मेसेज येतात. तिकडून घेतलेल्या स्वस्त पॉलिसीतल्या न मिळणाऱ्या गोष्टींची यादी आधी वाचा, बहुतेकींत कॉलेज टीमचे खेळ सरळ वगळलेले असतात. कॉलेजचाच स्टुडंट प्लॅन घेतला तरी काहींमध्ये टीमच्या खेळातल्या दुखापतीला नकार किंवा छोटीशी मर्यादा असते. दोन्हीकडे लेखी विचारा.

मला या सगळ्याचा राग येतो का, येतो. 2013 मध्ये लुईव्हिल युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉल खेळाडू केव्हिन वेअर याचा पाय टीव्हीवर लाखो लोकांसमोर मोडला तेव्हा दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली की बिल कोण भरणार, शेवटी युनिव्हर्सिटीला सांगावं लागलं की त्याच्या खिशातून काही जाणार नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1974 मध्ये, टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा फुटबॉल खेळाडू केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध खेळताना मान मोडून कायमचा अपंग झाला. त्याने कामगार म्हणून भरपाई मागितली, वर्षानुवर्षं केस चालली आणि 2000 मध्ये टेक्सासच्या अपील कोर्टाने सांगितलं की तो कर्मचारी नव्हताच. नोकरीत हाताला खरचटलं तरी वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावरच्या दुखापतीचा मालकाने घेतलेला इन्शुरन्स, आधी पैसे देतो आणि घरच्या कार्डाला कुणी हात लावत नाही. खेळाडूच्या बाबतीत तो दरवाजाच बंद ठेवलाय, म्हणून त्याच्या आईच्या नोकरीचा इन्शुरन्स पहिला. टीव्हीचे पैसे कुठे जातात ते सगळ्यांना माहितीय.

एक गोष्ट मात्र खरंच सुधारली. आधी शेवटची मॅच झाली की बऱ्याच ठिकाणी विषय संपायचा, आता 1 ऑगस्ट 2024 पासून एनसीएएने तिन्ही डिव्हिजनसाठी खेळ सुटल्यानंतरची पॉलिसी आणलीय, कॉलेजात खेळताना झालेल्या दुखापतीला पुढे दोन वर्षांपर्यंत, एका दुखापतीमागे 90,000 डॉलरपर्यंत. फक्त ती दुखापत कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये नोंदलेली असली पाहिजे हे उघड आहे. सिनियर वर्षाच्या शेवटी बऱ्याच कॉलेजांत एक एक्झिट फिजिकल होतं, पोरं ग्रॅज्युएशनच्या गडबडीत 'काही दुखत नाही' वर टिकमार्क करून पळतात. मुलीला सांगा की खांदा वर उचलताना कट कट वाजतो, गुडघा जिना उतरताना दुखतो, दोन वर्षांपूर्वी डोक्याला मार बसला होता, सगळं तिथे लिहून यायचं आणि त्या फॉर्मचा फोटो घरी पाठवायचा. कार्डाचे फोटो ज्या फोल्डरमध्ये आहेत त्यातच ठेवा. बाकी कुणाचा क्लेम आत्ता अडकलेला असेल तर ईओबी हातात घेऊन मला रविवारी फोन करा, ईओबीशिवाय मी काही सांगू शकत नाही.