1853 ची मुंबई, एरंडोलच्या ओट्यावरून

माझे आजोळ खानदेशातल्या एरंडोलचे. आजोबांची, म्हणजे आप्पांची, कापसाची अडत होती आणि हंगामात दुकानातला फोन खणखणला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "मुंबईना भाव काय शे?" मुंबई म्हणजे समुद्र किंवा राणीचा बाग नव्हे, तर आमच्या मालाचा दर जिथे ठरतो ते गाव, हीच समजूत लहानपणी माझ्या मनात पक्की बसली. त्यामुळे 1853 या वर्षातल्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनाविषयी जे जे मिळेल ते वाचताना माझे लक्ष सारखे घाटाच्या अलीकडे वळत राहिले.

त्या वर्षाची कथा बहुतेक जण 16 एप्रिलच्या आगगाडीपासून सुरू करतात. साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, 14 डबे, सुमारे 400 निमंत्रित, 21 तोफांची सलामी आणि बोरीबंदर ते ठाणे हा प्रवास. हे सगळे शाळेतच पाठ झालेले असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही.

मला अधिक रमवते ते ग्रँट रोडचे नाटकगृह. सांगलीत 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे याच वर्षी आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि त्यांनी तिकीट लावून खेळ केले. त्या खेळांत पदे म्हणायची ती सूत्रधाराने, पात्रांनी आपली भाषणे ऐनवेळी जुळवायची आणि राक्षसांनी 'अललडुर्र' करीत असा धुडगूस घालायचा की पुढे त्या सगळ्या नाट्यप्रकारालाच ते नाव चिकटले. ऑक्टोबरात त्याच नाटकगृहात पारशी नाटक मंडळीने रुस्तुम आणि सोहराबची कथा गुजरातीत उभी केली. एकाच वर्षात एकाच जागी मराठी राक्षस आणि इराणी पहिलवान, दोघेही पैसे मोजून पाहण्याचे : बंदराच्या शहराचा स्वभाव मला तरी तोफांच्या सलामीपेक्षा इथे जास्त कळतो.

या नाटकगृहाच्या उभारणीत ज्यांचा हात होता ते जगन्नाथ शंकरशेट रेल्वेच्या खटपटीतही होते आणि 26 ऑगस्ट 1852 रोजी एल्फिन्स्टन संस्थेत स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेचेही धुरीण होते, डॉ. भाऊ दाजी तिचे एक चिटणीस होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची, म्हणजे राज्यकारभाराच्या परवान्याची, मुदत 1853 मध्ये संपणार असल्याने असोसिएशनने थेट पार्लमेंटकडे अर्ज पाठवला आणि कायदे करणाऱ्या मंडळात व वरच्या नोकऱ्यांत एतद्देशीयांना जागा मागितली. कंपनीला सनद वाढवून मिळाली. मंडळातली जागा मात्र मिळाली नाही.

आता एरंडोल. असोसिएशन स्थापन झाली त्याच 1852 सालात एरंडोल, सावदा आणि फैजपूर या भागांत जमीन मोजणीविरुद्ध शेतकऱ्यांचे जमाव उभे राहिले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची भीती होती. त्यांनी मोजणी थांबवा म्हणून अधिकाऱ्यांना अडवले. सरकारने फौज पाठवली, पुढाऱ्यांना धरले आणि मोजणीच्या साखळ्या पुन्हा शेतांत पडल्या. मुंबईकरांचा अर्ज इंग्रजीत होता म्हणून तो 'सार्वजनिक जीवन' ठरला आणि आमच्याकडच्या गर्दीची नोंद 'दंगा' म्हणून झाली, याची मला अजूनही बोच लागते. आप्पांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की मोजणी झाली नसती तर सातबाऱ्यावर नाव कशाच्या जोरावर लावले असते. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, हे नाइलाजाने मान्य करावे लागते.

त्या काळी खानदेशचा कापूस घाट उतरून जायचा तो बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांत. पाऊस लागण्याआधी तो कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर, म्हणजे तिथल्या कापूस बाजारात, पोहोचला पाहिजे, नाहीतर वाटेतच भिजायचा; आणि कोरडा पोहोचला तरी रस्त्याची धूळ त्यात इतकी मुरलेली असे की घेणारा हात घालताच नाक मुरडे. आप्पाही असेच करीत. बोंडांच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून आतली मूठ बाहेर काढायची, ओल नाकाने हुंगायची, काडीकचरा अंगठ्याने बाजूला सारायचा आणि मगच दर बोलायचा.

ठाण्याला गेलेली ती गाडी आमच्यापर्यंत यायला फार वर्षे लागली. खरी अडचण थळ (कसारा) घाटाची होती आणि तो 1865 मध्ये वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते आणि मुंबईत शेअरांचा सट्टा रंगला होता. त्याच 1865 च्या एप्रिलमध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले आणि जुलैत मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. खानदेशच्या गासड्या सलग रुळांवरून बोरीबंदराकडे जाऊ लागल्या, त्या नेमक्या याच साली.