शिट्टी वाजायच्या आधी

"काका, बावीस पोरं लागतात. तुमची चिमी धरून एकवीस झाली."

गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी चप्पल न काढता उंबऱ्यातूनच बोलत होता, म्हणजे काम घाईचं होतं. मला आधी वाटलं, पल्स पोलिओचं काही असेल. निघालं फुटबॉलचं. सुट्टीत मंडळाने स्पर्धा भरवली होती, रविवारी फायनल, आणि टीव्हीवर दाखवतात तसं करायचं असं पोरांच्या डोक्यात आलं होतं. प्रत्येक खेळाडूच्या हाताला एक लहान मूल, दोन रांगा, मागे म्युझिक. "लै भारी दिसतंय काका ते." मी विचारलं, पण मुलांनी करायचं काय? तो जरा अडखळला. "काय नाय. हात धरायचा, चालायचं, उभं राहायचं. मग पळत बाहेर."

त्या 'काय नाय'ने माझी पाठ अजून सोडलेली नाही.

सोलापूर म्हणजे काही कोल्हापूर नव्हे. तिथे तालमींचे फुटबॉल संघ, पेठांची ईर्ष्या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की गावात दुसरा विषय नसतो. आमच्याकडे मैदान म्हटलं की क्रिकेट, आणि उन्हाळ्यात मैदान म्हटलं की सावली कुठे आहे हा पहिला प्रश्न. तरी खेळणारी पोरं खेळतातच. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला, नवी मुंबईला सामने होते. त्याच्या आधी, पंधरा सप्टेंबरला, राज्यभर शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळवले होते. आमच्या पेठेतल्या शाळेत तो सामना मी कंपाउंडवरून पाहिला. निम्मी मुलं अनवाणी, गोलकीपर दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि सगळा वर्ग चेंडूच्या मागे मोहोळासारखा. पण ती मुलं निदान खेळत होती. चिमीला खेळायचंही नव्हतं.

घरात मात्र तयारी लग्नघरासारखी. मंडळाने टी-शर्टचे पन्नास रुपये घेतले होते. शर्ट आले ते सगळे एकाच मापाचे, पाठीवर कुठल्याशा ट्रॅव्हल्सवाल्याची जाहिरात. चिमी सात वर्षांची, शर्ट गुडघ्याच्या खाली. सुनेने रात्री बसून कडेने टाके घातले, तेव्हा जाहिरातीतला फोन नंबर दुमडला गेला. दहापैकी सहाच आकडे उरले. मी म्हटलं, बरं झालं.

माझा मुलगा रात्री जागून परदेशातले सामने बघणारा. त्याने मला या प्रकाराचा इतिहास सांगितला. इंग्लंडमध्ये पूर्वी कॅप्टनच्या सोबत एखादंच मूल मैदानात यायचं, मॅस्कॉट म्हणून. प्रत्येक खेळाडूमागे एक मूल हे नवीन आहे, युरो 2000च्या सुमारास मोठ्या स्पर्धांत दिसायला लागलं. 2002 साली जपान आणि कोरियात वर्ल्ड कप झाला तेव्हा फिफा आणि युनिसेफने मिळून मुलांच्या हक्कांची मोहीम काढली होती, तिथून ते जगभर पक्कं झालं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला लगेच गुणाकार सुचतो. चौसष्ट सामने, दर सामन्याला बावीस, म्हणजे 1,408 मुलं. आता 48 संघ आणि 104 सामने झाले, त्याच हिशेबाने 2,288. एका स्पर्धेत एवढी मुलं नुसती हात धरून चालायला! मुलगा म्हणाला, तिकडे काही क्लब यासाठी आईबापांकडून शेकडो पौंड घेतात आणि काही एक पैसा घेत नाहीत. आमचे पन्नास रुपये मला एकदम वाजवी वाटले.

आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती मला माहीतच नव्हती. 2018ला रशियात भारताचा संघ अर्थातच नव्हता, पण भारतातली दोन मुलं होती. कर्नाटकातला एक मुलगा बेल्जियम–पनामा सामन्याचा चेंडू घेऊन मैदानात गेला आणि तामिळनाडूतली एक मुलगी ब्राझील–कोस्टारिकाचा. दोघंही दहा-अकरा वर्षांची. म्हणजे वर्ल्ड कपच्या मैदानावर आपण पोचलोय, फक्त शिट्टी वाजायच्या आधी पोचलो आणि आधीच बाहेर आलो.

रविवारी सामना पाचचा. मुलांना चारला बोलावलं होतं. बेचाळीस डिग्रीच्या दिवसाचे सोलापुरातले चार म्हणजे काय, ते ज्याने पत्र्याच्या शेडखाली काढलेत त्यालाच कळेल. आणि मग आपल्याकडे जे होतं ते झालं. प्रमुख पाहुणे. पाहुणे पाचला निघाले, सव्वापाचला 'पोचतातच आहेत', साडेपाचला 'दहा मिनिटांत'. नारळ, हार, शाल सगळं टेबलावर. त्या टेबलावर मात्र सावली होती. बावीस मुलं दोन रांगांत बसलेली. एकाला लघवीला लागली तर तिघं सोबत गेली आणि दोनच परत आली. एक झोपलं. एकीने गजरा काढून शेजारणीला विकायला काढला. स्वयंसेवक ताकाचे पाऊच वाटत होता, ते दाताने फोडताना चार शर्ट पांढरे झाले. मी शाळेत असताना मंत्र्यांच्या स्वागताला लेझीम घेऊन दोन तास असाच उभा होतो, हातातल्या लेझमीच्या साखळ्या तापून चटके बसत होते. तेव्हा आम्हाला कोणी ताकही दिलं नव्हतं. मुलांना सोहळ्यात घ्यायची हौस आपल्याला नवी नाही. आपण त्यांना घेतो ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावायला, एवढंच.

शेवटी सहाला पाहुणे आले. मोजदाद केली तर मुलं एकोणीस. प्रेक्षकांतून दोन उचलली, तिसरा जो मिळाला तो आठवीतला, त्याच्या वाट्याला आलेल्या विंगरपेक्षा चार बोटं उंच. कोण कोणाला मैदानात नेतंय, लांबून कळत नव्हतं.

मैदानाला बोगदा नव्हता. मंडपवाल्याने लाल-पिवळ्या कनातींच्या दोन पट्ट्या समोरासमोर बांधून वाट केली होती. मी तिच्या तोंडाशीच उभा होतो, चिमीची पाण्याची बाटली धरून. त्यामुळे पुढचं अगदी जवळून पाहिलं.

चिमीच्या वाट्याला गोलकीपर आला होता. पूर्व भागातला पोरगा, एकोणीस-वीसचा, घरी तेलुगू आणि मैदानात अस्सल सोलापुरी. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे असं मागून कळलं. त्याच्या हातात ते मोठे ग्लोव्ह, एकेक बोट चिमीच्या मनगटाएवढं. तो ग्लोव्हवर थुंकला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. कीपर तसं करतात, पकड चांगली बसते म्हणे. चिमीने हे पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला, पाठीशीच नेला. त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि काळवंडलेला चेहरा आणखी काळवंडला. रांग हलायला लागली होती. त्याने डाव्या ग्लोव्हचा पट्टा दाताने ओढला, हात बाहेर काढला, ग्लोव्ह चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचला, उघडा हात शर्टाला पुसला आणि तिच्यासमोर धरला. एक अक्षर बोलला नाही. तिने दोन क्षण त्या हाताची तपासणी केली आणि धरला.

लाऊडस्पीकरवर म्युझिक लागलं, ते मध्येच अडकलं, परत पहिल्यापासून लागलं. दोन्ही रांगा बाहेर पडल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला इतकं भरून येईल असं वाटलं नव्हतं.

आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे असं मात्र नाही. घोड्यावर नवरदेवापुढे एक पोरगं बसवतात, आठवतंय? भाचा नाहीतर धाकटा चुलतभाऊ, डोळ्यांवर उसना गॉगल. त्याला लग्नाशी काही घेणंदेणं नसतं. निम्म्या वाटेत तो नवरदेवाच्या छातीवर मान टाकून झोपतो. पण तो पुढे नसला तर नवरदेव एकटा पडलेला दिसतो, पोलिसांनी धरून नेल्यासारखा. जानेवारीत आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा निघते तेव्हाही असंच. सात नंदीध्वज पेलणारे पेलतात, ते काम दणकट खांद्यांचं. पण त्यांच्या आगेमागे बाराबंदी घातलेली चार-पाच वर्षांची पोरं बापाच्या बोटाला धरून चालत असतात, 'हर्र बोला हर्र' म्हणताना त्यांचा आवाज मोठ्यांच्या आवाजातून टोकासारखा वर येतो. महिनाभर आधीपासून गल्लीत ही पोरं बांबूच्या काठीला चिंध्या गुंडाळून आपापला नंदीध्वज नाचवतात. खरा पेलायला वीस वर्षं आहेत. तोवर त्यांचा वाटा सुरुवातीचा.

तसाच लाटीचाही. उन्हाळ्यात उडदाचे पापड घातले जायचे तेव्हा आम्ही पोरं परातीभोवती बसायचो. पापड गेले डब्यात, मोठ्यांच्या जेवणात, पाहुण्यांच्या ताटात. आमची होती ती कच्ची लाटी, तेलात बुडवलेली, तिखट आणि चिवट. तळलेल्या पापडाची चव मला आज आठवावी लागते, लाटीची लागत नाही.

आणि खेळाडूंना याचा काय उपयोग, हा प्रश्न मला रविवारी कनातीपाशी सुटला. हातात मूल असलं की माणूस समोरच्याला शिव्या देत नाही. दोन्ही संघांची साखळी सामन्यांपासून भांडणं होती, पोरं एकमेकांकडे रागाने बघत होती. पण एका हाताला गजरा विकणारी मुलगी लोंबकळत असताना रागाला फार धार राहत नाही.

काही वेळा तो हात त्याहून जास्त काही असतो. 2017च्या मार्चमध्ये वेम्बलीवर इंग्लंड–लिथुआनिया सामन्याला इंग्लंडचा खेळाडू जर्मेन डेफो एका मुलाचा हात धरून मैदानात आला. ब्रॅडली लोअरी, पाच वर्षांचा, कॅन्सरने आजारी. डेफोने त्या दिवशी गोल केला. जुलैत ब्रॅडली गेला. मुलाने मला त्या दोघांचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

आमचा कीपर त्या संध्याकाळी तीन गोल खाऊन हरला. तिसरा तर त्याच्या दोन पायांमधून गेला. चिमी तोवर माझ्या मांडीवर बसून पेप्सीकोला चोखत होती, तिने तो गोल पाहिलाही नाही. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आजोबा, त्याचा हात ओला होता. आणि गार."

"गार?" बेचाळीस डिग्रीत?

"बर्फाच्या गोळ्यासारखा. आणि असा असा हलत होता."

"मग तू काय केलंस?"

"घट्ट धरला."

एवढं सांगून ती समोरच्या आरशात स्वतःला बघायला लागली.

सेक्रेटरीला मी दुसऱ्या दिवशी गाठून सांगितलं, पुढच्या वर्षी मुलांना पाहुण्यांच्या नंतर बोलवा. तो म्हणाला, "काका, पाहुणे कधी येणार हे पाहुण्यांना तरी कुठं ठाऊक असतंय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टी-शर्ट तरी दोन मापांचे आणू, एवढं कबूल केलं त्याने.

ऑगस्टपासून इंग्लंडमधले सामने परत सुरू झाले. शनिवारी तिकडे दुपारी होणारा सामना आपल्याकडे दिवेलागणीच्या सुमाराला लागतो. मुलगा टीव्ही लावतो आणि चिमी हातातलं सगळं टाकून समोर येऊन बसते. बोगद्यातून रांगा निघाल्या की ती गुडघ्यांवर उभी राहते. कुणाच्या वाट्याला कोण आलंय ते बघते, कीपरच्या पोराला आधी शोधते. "ग्लोव्ह नाही काढला त्याने," असं म्हणते, नापसंतीने. रांग उभी राहते, हस्तांदोलन होतं, मुलं पळत बाहेर जातात, कॅमेरा त्यांना सोडून चेंडूकडे वळतो. शिट्टी वाजते आणि चिमी उठते.

"अगं, बस की, आता तर सुरू झालं," मुलगा म्हणतो.

"झालं की," ती दारातून म्हणते. "आता नुसते खेळणारेत."